‘सेट असाइड’ चालते, मग ‘पुट ऑफ’ का चालत नाही? कायद्याच्या इंग्रजीतील फ्रेजल व्हर्बबाबत प्रश्न

प्रश्न – सातारकर कनिष्ठ

नमस्कार. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून गेल्या वर्षापासून मी एका दिवाणी वकिलांच्या कार्यालयात कनिष्ठ म्हणून काम करतो. आमच्याकडे साक्षीपुरावे आणि बराचसा पत्रव्यवहार मराठीत होत असला तरी नोटिसा, करारनामे आणि उच्च न्यायालयात जाणारे अर्ज इंग्रजीत लिहावे लागतात, आणि त्यांचा पहिला मसुदा माझ्याकडे असतो.

रुजू झालो त्याच आठवड्यात वरिष्ठांनी मला एक नियम घालून दिला: कायद्याच्या मसुद्यात फ्रेजल व्हर्ब (साध्या क्रियापदाला ‘ऑफ’, ‘आउट’ असे अव्यय जोडून झालेले क्रियापद) वापरायचे नाहीत, कारण ती बोलीभाषा आहे. त्यानंतर माझ्या मसुद्यांतील ‘पुट ऑफ’च्या (पुढे ढकलणे) जागी ‘अ‍ॅडजर्न’, ‘फाइंड आउट’च्या जागी ‘अ‍ॅसर्टेन’, ‘गिव्ह अप’च्या जागी ‘रिलिंक्विश’ आणि दुरुस्तीच्या कलमातील ‘कॅरी आउट’च्या जागी ‘एक्झिक्यूट’ असे शब्द लाल शाईने येत गेले. मी ते पाठ केले आणि तो नियम मनापासून पाळू लागलो.

गेल्या महिन्यात एकतर्फी, म्हणजे प्रतिवादी गैरहजर असताना झालेला, हुकूमनामा रद्द करून मिळावा असा अर्ज मी तयार केला. जुन्या नमुन्यात ‘सेट असाइड’ होते. ते फ्रेजल व्हर्ब आहे हे ओळखून मी मोठ्या समाधानाने तेथे ‘कॅन्सल’ लिहिले. वरिष्ठांनी ते खोडून पुन्हा ‘सेट असाइड’ केले आणि त्याच पानावर दुसऱ्या परिच्छेदातील ‘सेंट बॅक’ खोडून ‘रिटर्न्ड’ केले. कारण विचारले तेव्हा, वाचनाने हळूहळू कळेल, एवढेच ते म्हणाले. ते माझे गुरू आहेत आणि त्यांच्या जाणकारीबद्दल मला शंका नाही, पण कोणते फ्रेजल व्हर्ब ठेवायचे आणि कोणते काढायचे, हे ठरवण्याची काही रीत आहे का, की प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर – दिवाणी कज्जे

आपल्या वरिष्ठांनी दोन्ही वेळा जे केले ते बरोबर आहे. त्यांनी सांगितलेला नियम मात्र अपुरा आहे. फ्रेजल व्हर्ब बोलीभाषेतले असते असे सरसकट म्हणता येत नाही, कारण त्यांपैकी कित्येक खुद्द अधिनियमांत बसलेली आहेत आणि तेथे त्यांना एकच ठरलेला अर्थ आहे. असा शब्द हा पारिभाषिक शब्द असतो आणि पारिभाषिक शब्दाला पर्यायी शब्द शोधायचा नसतो.

आपल्याच अर्जापासून सुरुवात करू. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ९, नियम १३ हा एकतर्फी हुकूमनाम्याविषयी आहे आणि त्यातला शब्द ‘सेट असाइड’ हाच आहे. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते किंवा पुरेशा कारणामुळे हजर राहता आले नाही, असे प्रतिवादीने न्यायालयाला पटवून दिले, तर तो हुकूमनामा बाजूला सारला जातो आणि दावा पुन्हा उभा राहतो. लवाद आणि सलोखा अधिनियम, १९९६ च्या कलम ३४ मध्येही निवाड्याच्या बाबतीत हेच क्रियापद आहे, आणि करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९-अ मध्ये गैरवाजवी दडपणाखाली झालेल्या कराराबाबतही तेच आहे. आपण ‘कॅन्सल’ लिहिलेत तेव्हा वाचणाऱ्याला प्रथम विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम ३१ आठवणार, कारण खरेदीखतासारखा दस्त रद्द करून मागताना तो शब्द येतो. दस्त ‘कॅन्सल’ होतो आणि हुकूमनामा ‘सेट असाइड’ होतो. करारातून बाहेर पडायचे असेल तर ‘रिसाइंड’, परवाना काढून घ्यायचा असेल तर ‘रिव्होक’ आणि फौजदारी कार्यवाही उच्च न्यायालयाकडून मोडीत काढून घ्यायची असेल तर ‘क्वॅश’. आपली मराठी या पाचही ठिकाणी ‘रद्द करणे’ या एका शब्दावर काम भागवते. मराठीतून विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्या कनिष्ठाची चूक बहुतेक वेळा येथेच होते, त्यामुळे आपण खिन्न होऊ नये.

आता अव्ययाकडे वळू, कारण खरा धोका तेथे आहे. ‘स्ट्राइक’ हे एकच क्रियापद घ्या. न्यायालय एखादा कायदा घटनाबाह्य ठरवते तेव्हा तो ‘स्ट्राइक डाउन’ होतो. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ असेच ‘स्ट्राइक डाउन’ केले. वादपत्रातील किंवा कैफियतीतील (प्रतिवादीच्या लेखी उत्तरातील) अनावश्यक, बदनामीकारक अथवा त्रास देण्यासाठीच घातलेला मजकूर वगळून मागायचा असेल तर आदेश ६, नियम १६ खाली तो ‘स्ट्राइक आउट’ करून मागतात. कंपनीचे नाव निबंधकाच्या नोंदवहीतून काढले जाते तेव्हा कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम २४८ नुसार ते ‘स्ट्राइक ऑफ’ होते. क्रियापद तेच आहे, पण अव्यय बदलताच न्यायालय बदलते, अर्ज बदलतो आणि परिणामही बदलतो. कैफियतीतील परिच्छेद ‘स्ट्राइक डाउन’ करावा अशी विनंती मी एकदा एका अर्जात प्रत्यक्ष वाचली आहे, आणि तो अर्ज लिहिणाऱ्याची समोरच्या बाजूने जी शोभा केली ती पाहून मला वाईट वाटले होते.

‘होल्ड’ या क्रियापदाचेही तसेच आहे. भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावर भाडेकरू ताबा सोडत नाही आणि मालक भाडे स्वीकारत राहतो, तेव्हा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११६ मधील ‘होल्डिंग ओव्हर’ लागू होते आणि एरवी काही ठरलेले नसेल तर पट्टा वर्षावर्षाने किंवा महिन्यामहिन्याने पुढे चालू झाला असे धरले जाते. एखादा माणूस भागीदार नसताना आपण भागीदार आहोत असे भासवतो आणि त्या भरवशावर कोणी उधारी देतो, तर भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम २८ प्रमाणे ते ‘होल्डिंग आउट’. एकात पट्टा जिवंत राहतो, दुसऱ्यात तोंडी आव आणणाऱ्याच्या गळ्यात देणे पडते. या शब्दांना सभ्य लॅटिन पर्याय शोधत बसणे म्हणजे कलमापासून दूर जाणे होय.

मी एवढेच करतो, की लिहिण्यापूर्वी संबंधित कलम उघडतो आणि तेथे जे क्रियापद असेल ते अव्ययासकट जसेच्या तसे उचलतो. कलमात फ्रेजल व्हर्ब नसेल, तर आपल्या वरिष्ठांचा नियम लावतो.

उत्तर – इंग्रजीचा अध्यापक

वकील महोदयांचे विवेचन उत्तम आहे. त्याला भाषेच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण ‘ती बोलीभाषा आहे’ ही समजूत कोठून आली हे कळले तर शब्द निवडणे सोपे जाते.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तेथील न्यायालयांत दीर्घकाळ फ्रेंच आणि लॅटिन नांदली. १३६२ च्या कायद्याने तोंडी युक्तिवाद इंग्रजीत करावा असे ठरले तरी नोंदी लॅटिनमध्येच राहिल्या, आणि न्यायालयीन कागदपत्रे इंग्रजीतच असावीत असा कायदा पुढे १७३३ साली अमलात आला. एवढ्या शतकांत ‘टर्मिनेट’, ‘रिसाइंड’, ‘अ‍ॅनल’ यांसारखे शब्द दरबारी ठरले, आणि घराशेतात वापरली जाणारी ‘पुट’, ‘गेट’, ‘सेट’, ‘टेक’ ही छोटी देशी क्रियापदे साधी मानली गेली. आपल्याकडे संस्कृत शब्द ग्रंथाचा आणि देशी शब्द घरचा वाटतो, तसलाच हा भेद आहे. फ्रेजल व्हर्ब बहुतांशी याच देशी क्रियापदांना अव्यये जोडून होतात, म्हणून ती बोलीतली वाटतात.

मसुद्यात ती टाळण्याचे सबळ कारण मात्र वेगळे आहे. बहुतेक फ्रेजल व्हर्बना अर्थ फार असतात. ‘टेक आउट’ म्हणजे विमा उतरवणे, बाहेर काढणे, बाहेर घेऊन जाणे. ‘पुट अप’ म्हणजे बांधणे, पैसे उभे करणे, कोणाची राहण्याची सोय करणे, आणि भारतातील सरकारी कचेऱ्यांत नस्ती साहेबांपुढे ठेवणे. बोलताना प्रसंगावरून अर्थ कळतो. करारनामा दहा वर्षांनी उघडला जातो तेव्हा तो प्रसंग सांगणारे कोणी हजर नसते, म्हणून एका अर्थाला बांधलेला शब्द हवा. ‘सेट असाइड’ला कायद्याने असे बांधून टाकले आहे आणि ‘पुट ऑफ’ मोकळेच राहिले आहे. आपल्या शीर्षकातल्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे.

उपसर्ग आठवले तर अव्ययाचे सामर्थ्य आपल्याला लगेच उमगते. ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे शब्द होतात, आणि आहाराचा संहाराशी काही संबंध उरत नाही. जुन्या इंग्रजीतही असे पुढे जोडलेले शब्द होते. ‘अपहोल्ड’, ‘विदहोल्ड’, ‘ओव्हररूल’, ‘अंडरटेक’ ही त्याच पद्धतीची आज कायद्यात रूढ असलेली रूपे असून ती पूर्णपणे औपचारिक आहेत. तेच तुकडे उलटे लावले की अर्थ फिरतो: वरच्या न्यायालयाने निकाल ‘अपहोल्ड’ केला म्हणजे कायम केला, आणि ‘होल्ड अप’ केला म्हणजे अडकवून ठेवला.

रचनेबद्दल एक सूचना. ‘स्ट्राइक आउट’, ‘सेट असाइड’ यांत कर्म मध्ये येऊ शकते आणि कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच यावे लागते, म्हणजे ‘सेट इट असाइड’. ‘एंटर इंटू’, ‘डिस्पोज ऑव्ह’ यांत मात्र कर्म कधीही मध्ये येत नाही. मसुद्यातली कर्मे लांबलचक असतात, त्यामुळे क्रियापद आणि अव्यय शेजारी ठेवून कर्म नंतर लिहावे. तीन ओळींचे वर्णन मध्ये घालून शेवटी एकटे ‘असाइड’ लोंबकळत ठेवले, तर वाचणारा तोवर क्रियापद विसरलेला असतो.

‘डिस्पोज ऑव्ह’चा विषय निघालाच आहे, तर सांगतो. अर्ज निकाली निघाला या अर्थी आपल्याकडे सर्रास दोन ‘एफ’ घालून ‘डिस्पोज्ड ऑफ’ लिहितात. तेथे एकाच ‘एफ’चा ‘ऑव्ह’ हवा. दोन ‘एफ’चा ‘ऑफ’ त्या क्रियापदाबरोबर कधीच येत नाही. उच्चार जवळचे आहेत आणि देवनागरीत आपण दोन्ही ‘ऑफ’च लिहितो, त्यामुळे ही चूक पिढ्यान्‌पिढ्या नकलून घेतली जाते.

सातारकर कनिष्ठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वकील सरांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री आदेश ९, नियम १३ मूळ इंग्रजीत पूर्ण वाचला, तेव्हा दावा सुनावणीला पुकारला गेला या अर्थी ‘कॉल्ड ऑन’ हे आणखी एक फ्रेजल व्हर्ब त्याच नियमात सापडले. मी आजवर ‘कॉल्ड आउट’ लिहीत होतो. नोटिशीत मात्र आम्ही ‘कॉल अपॉन’ लिहितो आणि खालच्या न्यायालयाची कागदपत्रे मागवताना ‘कॉल फॉर’. हे तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, असे मी समजतो. चुकत असल्यास दुरुस्त करावे.

एक शंका उरते. दुरुस्तीच्या कलमात ‘कॅरी आउट’च्या जागी ‘एक्झिक्यूट’ घालणे आवश्यक होते का?

उत्तर – साधी इंग्रजी

तिन्ही बरोबर आहेत. आपल्या शंकेबद्दल मात्र आपल्या वरिष्ठांशी आदरपूर्वक मतभेद नोंदवतो. ‘एक्झिक्यूट’ला कायद्यात आधीच दोन जड अर्थ आहेत: दस्तावर सही करून तो पुरा करणे आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी करणे. घराच्या दुरुस्तीसाठी तो शब्द आणल्याने वाक्य भारदस्त झाले असेल, स्पष्ट झाले नाही. ‘कॅरी आउट द रिपेअर्स’ला येथे एकच अर्थ आहे आणि तो कोणत्याही भाडेकरूला कळतो. लॅटिन मूळचा शब्द नेमकाच असतो, हा गैरसमज आहे. ‘डिटर्माइन’ घ्या. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १११ मध्ये त्याचा अर्थ पट्टा संपणे असा आहे आणि इतरत्र निर्णय करणे असा आहे.

शिवाय आपले संविधान वाचावे. मूलभूत हक्क ‘टेक अवे’ करणारा कायदा राज्याने करू नये, असे अनुच्छेद १३ म्हणतो. व्यवसाय किंवा धंदा ‘कॅरी ऑन’ करण्याचा हक्क अनुच्छेद १९ देतो. अनुच्छेद ३५६ मध्येही राज्याचे शासन संविधानानुसार ‘कॅरी ऑन’ होऊ शकत नाही अशी स्थिती वर्णिलेली आहे. राष्ट्रपती पदग्रहण करतात ते ‘एंटर अपॉन’. घटना समितीतील विद्वानांना या शब्दांत कमीपणा वाटला नाही. इंग्लंडमध्ये १९९९ साली दिवाणी प्रक्रियेचे नियम सामान्य माणसासाठी सोपे केले, तेव्हा ‘प्लेंटिफ’ हा जुना शब्द जाऊन ‘क्लेमंट’ आला, पण ‘स्ट्राइक आउट’ जागेवरच राहिले.

एवढी काळजी घ्यावी, की ‘कॅरी आउट’ म्हणजे काम पार पाडणे आणि ‘कॅरी ऑन’ म्हणजे धंदा चालू ठेवणे, यांची अदलाबदल होऊ देऊ नये.

उत्तर – अनुवादक

मी कायदेविषयक मजकुराचा इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. त्या कामात हाच प्रश्न उलट्या बाजूने भेटतो, म्हणून लिहावेसे वाटले.

इंग्रजी शब्द ज्या थरातला असतो त्याच थरातला मराठी शब्द मिळेलच असे नाही. कंपनीचे ‘वाइंडिंग अप’ घ्या. त्यामागचे चित्र दोरा गुंडाळण्याचे आहे, आणि आपणही बोलताना ‘त्याने कंपनी गुंडाळली’ असे अगदी त्याच चित्राने म्हणतो. पण इंग्रजीत तो अधिनियमातला शब्द आहे आणि मराठीत ‘गुंडाळणे’ला गाशा गुंडाळण्याचा, क्वचित फसवणुकीचाही वास येतो, म्हणून तेथे ‘समापन’च लिहावे लागते. याउलट व्यापार चिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम २७ मधील ‘पासिंग ऑफ’साठी कितीही संस्कृत शब्द जुळवले तरी, आपला माल दुसऱ्याचा म्हणून ‘खपवणे’ या साध्या शब्दाइतके नेमके काहीच सापडत नाही. तेथे मी ‘खपवणे’च लिहिते आणि त्यावर आक्षेप आला तर वाद घालते.

‘रीड डाउन’ने मला सर्वांत जास्त छळले आहे. शब्दकोशात पाहिले तर ‘खाली वाचणे’ हाती लागते. कायद्याचे कलम पूर्ण बाद न करता त्याचा अर्थ आकुंचित करून ते संविधानात बसवणे, असा त्याचा आशय आहे. केदारनाथ सिंह प्रकरणात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम कायम ठेवले, पण हिंसेला चिथावणी देणाऱ्या किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवू पाहणाऱ्या कृत्यांपुरतेच ते मर्यादित केले. एका मसुद्यात त्याचा अनुवाद ‘कलम रद्द केले’ असा झालेला मी पाहिला आहे, म्हणजे निकालाच्या थेट उलट. ‘स्ट्राइक डाउन’ आणि ‘रीड डाउन’ या दोहोंत ‘डाउन’ असल्याने हा घोटाळा झाला असावा. मी ‘कलमाचा संकुचित अर्थ लावून ते वैध ठरवले’ असे सविस्तर लिहिते. जागा जास्त लागते, पण इलाज नाही.

आणखी एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधते. मराठीतल्या सर्वांत औपचारिक दस्तांत, म्हणजे खरेदीखतात, पक्षकारांची नावे काय असतात? ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. ‘कारणे खरेदीखत लिहून देतो की’ अशी त्याची सुरुवात असते. ही संयुक्त क्रियापदे आहेत, रोजच्या बोलण्यातल्या ‘देणे’ आणि ‘घेणे’ यांनी बनलेली. ‘लिहिणे’ दोहोंत समान आहे, आणि मालमत्ता कोणाकडून कोणाकडे गेली हे त्याला जोडलेले छोटे क्रियापद ठरवते. त्याची अदलाबदल झाली तर विकणारा खरेदीदार होईल. ‘लिहून देणार’ ही बोलीभाषा आहे, ती काढून टाका, असे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आजवर कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. ‘सेट असाइड’मधल्या ‘असाइड’कडे मी याच नजरेने पाहते.

दिवाणी कज्जे

अनुवादक ताईंनी दिलेले खरेदीखताचे उदाहरण मी माझ्या कनिष्ठांना नक्की सांगेन. ‘कॅरी आउट’बद्दलचा आक्षेपही मला मान्य आहे. कलमात फ्रेजल व्हर्ब नसेल तर ते काढावे, असे मी वर लिहिले होते. त्यात दुरुस्ती करतो: काढण्यापूर्वी, त्याच्या जागी जो शब्द घालणार आहोत त्याला कायद्यात दुसरा अर्थ नाही ना, हे पाहावे.

सातारकर, आपल्या अर्जासंबंधी दोन बारीक गोष्टी राहिल्या. मजकुरात ‘एंटर्ड अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट’ असे कोठे असेल तर तेथे ‘इंटू’ घालावा, कारण करारात शिरताना तो लागतो आणि आवारात शिरताना लागत नाही. दुसरे असे, की कैफियतीत वादीच्या रकमेतून आपली येणी रक्कम वळती करून मागितली असेल, तर आदेश ८, नियम ६ मधील ‘सेट-ऑफ’ हे नाम मधल्या छोट्या रेघेसह लिहावे आणि क्रियापद म्हणून वापरताना रेघ काढावी. आणि हे भाषेपलीकडचे असले तरी सांगून ठेवतो: आदेश ९, नियम १३ खालील अर्जाला मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद १२३ प्रमाणे ३० दिवस मिळतात. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल, तर ते हुकूमनामा कळल्याच्या तारखेपासून मोजले जातात. आपल्या पक्षकाराला तो कोणत्या दिवशी कळला, ती तारीख अर्जात आली आहे की नाही, हे आजच पाहून घ्यावे.

सातारकर कनिष्ठ

तारीख राहून गेली होती. उद्या सकाळी पक्षकाराला बोलावून घेतले आहे. ‘इंटू’ दोन ठिकाणी घातला.